ठरवलं नव्हतं, म्हणून घोळ झाला

ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर किंवा वाशीच्या सागर विहारला बसलेल्या जोड्या बघून 'आजकालची पोरं' म्हणणाऱ्यांसाठी आधी एक जुना आकडा. मुंबईतल्या कमी उत्पन्न गटातल्या ९६६ कॉलेज विद्यार्थ्यांचा लीना अब्राहम आणि के. अनिल कुमार यांनी केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २६ टक्के मुलग्यांनी आणि ३ टक्के मुलींनी शरीरसंबंध आल्याचं सांगितलं होतं. तेव्हा कुणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. आणि २६ कुठे, ३ कुठे! मुलगे फुगवून सांगतात, मुली गिळून टाकतात, हेही त्या फरकात धरायला हवं.

मुलं बिघडतात ती मोबाइलमुळे आणि मित्रांमुळे, असं घरोघरी बोललं जातं. अर्धं खरं आहे. पॉर्नमध्ये कुणी कुणाला विचारत नाही, कंडोम शोधत नाही, कुणी अवघडत नाही. तेच पाहून शिकलेल्याला खऱ्या माणसासमोर काय बोलावं ते सुचत नाही. रूमवरच्या फुशारक्यांनी 'सगळ्यांचं झालंय, आपणच राहिलो' असं वाटू लागतं. घरून मुलीला पाळी आल्यावर 'आता जपून राहा' एवढंच मिळतं, मुलाला तेवढंही नाही.

पण जागेबद्दल कुणी बोलत नाही. आई-बाबा सकाळची फास्ट पकडून गेले की घोडबंदरचा फ्लॅट संध्याकाळपर्यंत रिकामा. नेरूळ-खारघरच्या पीजीत रूममेट गावी गेला की दोन दिवस खोली मोकळी. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय लॉजवर खोली घेण्याला कायद्याची बंदी नाही, पण काउंटरवरच्या नजरेला भिऊन ते टळतं. मग जे होतं ते घाईत, दाराकडे कान ठेवून.

त्यात एक वेगळीच अडचण. आपल्याकडे 'चुकून झालं' याला माफी आहे, 'ठरवून केलं' याला नाही. मुलीच्या पर्समध्ये कंडोम सापडला तर ती 'तसली', आणि मुलाने आधीच आणून ठेवला तर 'तुझ्या मनात हेच होतं का?' म्हणून दोघंही काही ठरवलंच नाही असं दाखवतात, आणि आयत्या वेळी हाताशी काहीच नसतं. माझ्या मते बहुतेक घोळांचं मूळ इथे आहे, पॉर्नमध्ये नाही.

असलाच तर कंडोम सहा महिने पाकिटात दबलेला किंवा स्कूटरच्या डिकीत तापलेला. रबर उष्णतेने आणि घासण्याने कमकुवत होतं. कंडोमचं पाकीट दाबून बघा: आत हवेची उशी जाणवली पाहिजे, नसेल तर फेका. तारीख बघा, दातांनी फोडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग उलगडा. उलटा लावला गेला तर तोच फिरवून वापरायचा नाही, नवा घ्यायचा. खोबरेल तेल आणि व्हॅसलीनने लेटेक्स काही मिनिटांत कच्चं पडतं. 'डबल सेफ्टी' म्हणून दोन चढवले तर एकमेकांवर घासून फाटतात. आणि शेवटच्या क्षणी नाही, सुरुवातीपासून.

यानंतर केमिस्टकडे 'आयपिल द्या'. कागदात गुंडाळून मिळते, सूचना कुणी देत नाही. ही लिव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, ७२ तासांच्या आत घ्यायची. पण शेवटच्या तासाची वाट बघू नका, पहिल्या दिवशी ती जास्त चालते. तिचं काम स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवण्याचं. ते पडायच्या अगदी बेतात असेल किंवा पडून गेलं असेल तर गोळी हात टेकते. गर्भ राहिला असेल तर तो तिने पडत नाही. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आज घेतली म्हणून उद्याच्या संबंधाला संरक्षण नाही. सगळ्यात मोठी फसगत म्हणजे चार-पाच दिवसांनी थोडं रक्त दिसतं आणि 'पाळी आली' म्हणून सुटकेचा श्वास टाकला जातो. ती पाळी असेलच असं नाही. संबंधानंतर तीन आठवड्यांनी गरोदरपणाच्या किटवर तपासा, सकाळच्या पहिल्या लघवीने, पाकिटावर लिहिलेली मिनिटं मोजून. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांनी बसवलेली तांबी (कॉपर-टी) गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, पण अविवाहित मुलीला ती सुचवायला फारसं कुणी धजत नाही.

दोन रेषा आल्या तर मैत्रिणीच्या सल्ल्याने गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती'च्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तिची; आईची नाही, त्याचीही नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

अकरावी-बारावीची मुलं त्याच कॉलेजच्या आवारात असतात, म्हणून हेही सांगायला हवं: अठराच्या खाली पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा संमती मानत नाही, दोघं एका वर्गातली असली तरी. मुलगी गरोदर असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं.

एचआयव्हीची शंका असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) तपासणी मोफत, हेल्पलाइन १०९७.

ओपीडीत 'लग्न झालंय का?' असं विचारतात आणि शेजारी आई बसलेली असते. उत्तर अर्थातच 'नाही', आणि पोटदुखीवर ॲसिडिटीची गोळी मिळते. 'मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय' एवढं वाक्य आधीच पाठ करून जा. शेवटच्या पाळीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर टिपलेली असू द्या, डॉक्टर पहिली तीच विचारतील.