सगळं एकाच जाळीवर : आमची वाटचाल

आमचा स्टुडिओ बडोद्यात, दांडिया बाजारात आहे. सुरुवातीला आम्ही शाळांसाठी ॲप्स केली, दुकानदारांच्या वेबसाइटी केल्या. जम बसला तो त्याच कामांवर. पण ओढ होती ती गेमची, आणि तीही नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचो तसल्या गेमची. सुट्टी लागली की भाड्यानं कॅसेट आणायची आणि चित्रातला ठिपका न् ठिपका पाठ होईपर्यंत खेळायचं. तेच रूप घेऊन संक्रांतीच्या उत्तरायणावर, म्हणजे आमच्या गच्च्यांवर आणि आमच्या पतंगांवर, एक गेम करायचा ठरवलं. आज लोक आम्हाला ओळखतात ते त्या गेममुळे.

असं रूप फिल्टर मारून आणता येतं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. एका गिऱ्हाइकानं तर तयार चित्रं देऊन ‘यांना पिक्सेल करून द्या’ एवढंच सांगितलं. आम्ही ते काम घेतलं नाही. १९८३ साली जपानात निघालेल्या फॅमिकॉमचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राचा, पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा होता. हलणारी चित्रं ८ बाय ८ किंवा ८ बाय १६ च्या तुकड्यांनी जोडलेली असत. एका तुकड्यात पारदर्शक भाग सोडून तीनच रंग बसत, आणि एका आडव्या ओळीत आठांहून जास्त तुकडे आले की जास्तीचे दिसतच नसत. एवढ्याशा जागेत नाकाला एखादाच ठिपका मिळायचा, आणि तो कुठे ठेवायचा हे चित्रकार ठरवायचा. फिल्टर काहीच ठरवत नाही, तो शेजारच्या रंगांची सरासरी काढतो.

म्हणून आमचा पडदा ३२० बाय १८० चा. सहापट केला की १९२० बाय १०८० चा टीव्ही नेमका भरतो, चौपट केला की १२८० बाय ७२०. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर तो पुरता बसत नाही. तिथे आम्ही चौपटच ठेवतो आणि कडेनं काळी पट्टी सोडतो. ताणून भरलं तर काही ठिपके चार रुंद होतात, काही पाच, आणि कॅमेरा सरकला की सगळं चित्र थरथरतं. इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टेक्स्चरचा (चित्राचा) फिल्टर शेजारचे रंग न मिसळणारा ‘नियरेस्ट’ (युनिटी या इंजिनात त्यालाच ‘पॉइंट’ म्हणतात) आणि कॉम्प्रेशन बंद, एवढं केलं की सेटिंगचं काम संपतं.

खरा कस लागला पतंगात. पतंग आभाळात सतत वळतो. इंजिनाला ‘फिरव’ म्हटलं की ते चित्राबरोबर ठिपकेही तिरके करतो, आणि सरळ ठिपक्यांच्या आभाळात तिरक्या ठिपक्यांचा पतंग लगेच उपरा वाटतो. आम्ही पतंगाच्या १६ दिशा हातानं काढल्या. पतंग दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे नऊ चित्रं पुरली, उरलेली आरशासारखी उलटवून मिळाली. आमच्या चित्रकार ताई दुसुतीवर भरतकाम करणाऱ्या. ठिपक्यांची जाळी का मोडायची नाही, हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

मग दोर. इंजिनाची गुळगुळीत रेघ तिथे चालेना, म्हणून ठिपक्यांनी रेघ काढायची, ब्रेझनहॅम या संगणकतज्ज्ञाची १९६२ ची रीत घेतली. पुढचा ठिपका रेघेच्या जास्तीत जास्त जवळ कुठे पडेल, हे ती पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीनं ठरवते. सरळ दोर झकास आला. ढील दिलेल्या दोराचा झोल मात्र नुसत्या गणितानं साधत नव्हता. त्याच्या पायऱ्या पाच, चार, तीन, दोन, एक ठिपक्यांच्या अशा उतरत गेल्या तरच डोळ्याला वळण दिसतं. मध्येच दोननंतर चार आले की दोर मोडल्यासारखा वाटतो. त्या पायऱ्या नीट करणारा छोटा प्रोग्रॅम आम्ही लिहिला. आमच्या सगळ्या कामात मला तो सर्वांत जास्त आवडतो.

अक्षरांचं काम आम्ही हौसेनं घेतलं आणि पुढे तोच धंदा झाला. इंग्रजी कॅपिटल अक्षर ८ बाय ८ मध्ये आरामात बसतं. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, मग शिरोरेषा, खाली उकार. आमच्या फाँटला १६ ठिपक्यांची उंची द्यावी लागली, आणि तरीही ‘ीं’मध्ये वेलांटी नि टिंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पुष्कळ खटपट करावी लागली. गुजराती लिपीला शिरोरेषा नसल्यामुळे तिथे एक ओळ वाचली, म्हणून गुजराती आवृत्ती आधी तयार झाली. अक्षरजुळणीसाठी आम्ही हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. तसली सोय नसलेल्या इंजिनात ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या नंतर जाऊन बसते, आणि असा गेम मी माझ्या मराठी माणसांपुढे ठेवणार नाही. आता बाहेरचे स्टुडिओही आमच्याकडून मराठी-गुजराती पिक्सेल अक्षरं करून घेतात. पगार वेळेवर होतात ते बरेचसे याच कामावर.

सध्या रात्रीचा टप्पा चालू आहे: काळोखातल्या तुक्कली (पतंगाच्या दोराला बांधून उडवायचे कंदील), आणि दोन निळ्यांच्या मध्ये तिसरा रंग न घालता आळीपाळीनं ठिपके पेरून साधलेली छटा. नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलांना ताई आधी १६ बाय १६ च्या चौकटीत चारच छटांत चित्रं काढायला लावतात, कारण गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पडद्यालाही चारच छटा होत्या. रंगांची पेटी नंतर मिळते.