टीबीची नोंद हरवली आणि सहा दिवस गोळी बंद: माझा अनुभव

टीबी बरा होतो. मी झालोय. जुलैत शेवटची गोळी घेतली. पण गुढीपाडव्याच्या आधीचे ते सहा दिवस अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितोय. औंदा दसऱ्यानंतर आपल्या बीड जिल्ह्यातून जेवढे कोयते ऊसतोडीला जातील, त्यातल्या एकाच्या तरी कामाला यावं.

आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता. २०२४ च्या दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेलो. तीन वर्षांचा पोरगा बरोबर होता. डिसेंबरात खोकला लागला. पाचटाची धूळ, पहाटेची थंडी, म्हणून अंगावर काढला. उचल फेडायची होती, खाडा परवडत नव्हता. संध्याकाळी बारीक ताप यायचा, रात्री घामानं गोधडी भिजायची. मोळी घेऊन गाडीवर चढताना छाती भरून यायची. थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा बायकोनं फडातच कोयता खाली टाकला आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची असते, हे मला तिथं कळलं. मी पाच आठवडे घालवले होते.

तिकडचं सगळं भराभर झालं. दोन डब्यांत थुंकी, मशीनवर तपासणी. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही त्याच तपासणीत कळतं. मला लागू पडणार होतं. एचआयव्ही आणि शुगर पाहिली. वजन ५५ वरून ४६ वर आलं होतं, त्या मानानं रोज तीन गोळ्या. पोराला टीबी निघाला नाही. पण पाच वर्षांच्या आतलं लेकरू आमच्याबरोबर एकाच कोपीत, म्हणजे झोपडीत झोपायचं, म्हणून टीबी होऊ नये यासाठी त्यालाही सहा महिने आयसोनियाझिडची गोळी लावली.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. निघताना तिथल्या सिस्टरनी चार दिवसांच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "दादा, दोन महिने होत आले. पुढची थुंकी गावाकडं तपासा. मी तुमची नोंद ऑनलाइन तिकडं पाठवते."

गावाजवळच्या दवाखान्यात गेलो, तर खिडकीवरच्या माणसानं निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, माझा नंबर टाकला आणि मान हलवली. "तुमची नोंद इथं आली नाही. आल्यावर या." मी उपचाराचं कार्ड पुढं केलं, रिकामी पट्टी दाखवली. त्यानं हातात घेऊन पाहिलंसुद्धा नाही. बाहेर येऊन सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी तर त्याच दिवशी पाठवली." परत खिडकीवर गेलो. "दिसत नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो माणूस मीटिंगला गेलेला. चौथ्या दिवशी रविवार. दर खेपेला जीपचं भाडं, आणि घरी आल्यावर बायको दारातच विचारायची, "मिळाल्या का?" तालुक्याला दोन मेडिकलवर विचारलं. या गोळ्या ठेवत नाही म्हणाले.

आई म्हणायची, "लेकरा, खोकला तर गेला की. कामून जिवाला घोर लावून घेतो?" खरा धोका इथंच आहे. दोन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, अंगात ताकद येते. पण जंतू सगळे मेलेले नसतात. गोळी मधेच सुटली की उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्या औषधाला न जुमानणारे झाले तर इलाज लांबतो, गोळ्याही जड लागतात. मला हे ठाऊक होतं. म्हणून ते सहा दिवस मला झोप आली नाही. पोराच्या गोळ्याही त्याच नोंदीत अडकल्या होत्या.

पाचव्या दिवशी १८००-११-६६६६ या टोल फ्री नंबरवर तक्रार लिहून घ्यायला लावली. सहाव्या दिवशी आमच्या आशाताईंनी थेट टीबीच्या पर्यवेक्षक साहेबांना फोन केला. त्यांनी मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून काढलं. नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या पिंपळगावला गेली होती! आमचंही पिंपळगावच. तिथं ती कुणी घेतली नव्हती, परतही केली नव्हती. संध्याकाळी साहेब स्वतः मोटरसायकलवर गोळ्या घेऊन घरी आले. म्हणाले, "नोंदीचं मी बघतो. सकाळी थुंकी द्या आणि लगेच गोळी चालू करा." मग हेच पहिल्या दिवशी त्या खिडकीवर का झालं नाही? कार्ड माझ्या हातात होतं, माणूस समोर उभा होता.

म्हणून सांगतो, खिडकीवरून माघारी फिरू नका. आत जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, नोंद येईपर्यंत गोळ्या मागा. फडावरून निघताना नोंद नेमकी कुठल्या तालुक्यात, कुठल्या दवाखान्याला पाठवली ते स्क्रीनवर डोळ्यांनी पाहून घ्या. कार्डाचा आणि निक्षय नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. चार दिवसांच्या गोळ्यांवर निघू नका, निदान पंधरा दिवसांच्या मागून घ्या.

त्या सकाळी दिलेल्या माझ्या थुंकीत जंतू सापडले नाहीत. तिथून चारऐवजी तीन औषधांची गोळी सुरू झाली. चुकलेले दिवस शेवटी वाढवून दिले. पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यावर आले (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), त्यात अंडी आणि शेंगदाणे भागले.

आधी सांगायचं राहिलं: गोळी सुरू झाली की लघवी नारिंगी होते. ते रिफाम्पिसिनमुळं, रक्त नव्हे. घाबरून गोळी सोडू नका. आणि आईनं माझं ताट वेगळं केलं होतं, त्याचीही गरज नव्हती. टीबी ताटातून नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. तोंडाला रुमाल आणि कोपीला वारा, हे जास्त गरजेचं.

परवा मुकादम उचलीचं बोलायला आला होता. मी आधी विचारलं, टोळीत कुणाला खोकला आहे का? दोन नावं निघाली. सोमवारी दोघांची थुंकी तपासायला दिली आहे.