सव्वा महिना आणि जेपर्डी

पहाटे तीन वाजता आयसीयूतल्या एका वयस्कर नर्सनं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. मी कुरकुरत होते, कारण नऊ नंबरच्या पेशंटचं पोटॅशियम यायचं होतं. आकडा आला १४२/९०. मला गरोदरपणाचा सव्विसावा आठवडा होता. असा वाढलेला आकडा आला की चार तासांनी पुन्हा मोजायचा, हे मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेते. चार तासांनी सात वाजले, राउंडची गडबड सुरू झाली आणि माझं बीपी कोणी मोजलं नाही. मीही नाही.

(दोन दिवसांनी तपासणीत १२२/७८ आलं. आईला हे आत्ता वाचूनच कळतंय. आई, रागावू नकोस.)

अमेरिकेत, ओहायोत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (म्हणजे हॉस्पिटलात काम करत पुढचं डॉक्टरी शिक्षण) करतेय म्हटल्यावर मिरजेच्या कॉलेजच्या बॅचमधल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "तिकडे तासांचे नियम तरी पाळतात ना गं?" पाळतात. आठवड्याला ८० तास. पण ते चार आठवड्यांच्या सरासरीनं, म्हणजे एखादा आठवडा ९० चा झाला तरी कागद स्वच्छ. सलग ड्युटी २४ तासांची, वर पेशंट दुसऱ्याच्या हवाली करायला आणखी ४ तास. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी दगावली, तिच्या वडिलांनी थकलेल्या, एकट्या सोडलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न लावून धरला, आणि तिथून सुरू झालेला हा प्रवास २००३ मध्ये देशभरच्या ८० तासांपर्यंत पोचला. आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. वॉर्डात कुणाला सांगून बघा, चहा सांडेपर्यंत हसतील.

तर तास माझी खरी अडचण नव्हते. अडचण होती गरोदर असल्याचं न सांगण्याची.

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत बातमी फोडायची नाही. इथंही कुणी फोडत नाही, फक्त कारण दृष्टीचं नसतं, ड्युटीच्या तक्त्याचं असतं. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत सांगायला हवं. कांजिण्यांच्या पेशंटच्या खोलीत जायचं की नाही, फ्लुरोस्कोपी (सलग चालणारा एक्स-रे) चालू असताना कुठं उभं राहायचं, हे सगळं तेव्हाच ठरतं. इथं लेखी कळवलं की शिशाच्या एप्रनच्या आत, पोटाजवळ लावायला किरणोत्सर्ग मोजणारा वेगळा बिल्ला मिळतो आणि पूर्ण नऊ महिन्यांत बाळापर्यंत ५ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त पोचू द्यायचं नाही, असा नियम आहे. पण लेखी कळवलं तर! मी अकराव्या आठवड्यापर्यंत कळवलं नव्हतं. फ्लुरोस्कोपी लागली की "मला बाथरूमला जायचंय" म्हणून सटकायची. आणि खरोखर जायचं असायचं तेव्हा मात्र जाता यायचं नाही. पाणी कमी प्यायचं, लघवी तुंबवायची, मग इन्फेक्शन, मग अँटिबायोटिक. गरोदर बाईला "ताई, भरपूर पाणी प्या" असं सांगून मी स्वतः दिवसभर अर्ध्या बाटलीवर काढत होते.

का नाही सांगितलं? जेपर्डीमुळे. हा शब्द इथल्या रेसिडेंटच्या तोंडी रोज असतो. कुणी आजारी पडलं की ज्याची त्या दिवशी 'जेपर्डी' असेल त्याला सुट्टीवरून उचलून आणतात. म्हणजे मी उलट्यांनी हैराण होऊन घरी राहिले तर माझी ड्युटी हवेत विरत नाही, ती दोन लहान मुलं असलेल्या माझ्या सहकाऱ्याच्या रविवारावर पडते. तो तोंडानं काही बोलत नाही. तक्त्यात मात्र त्याचं नाव दिसतं. मग उलटी करायची, तोंड धुवायचं, च्युइंगम टाकायचं आणि पुढचा पेशंट.

माझ्यापुढे एक वर्ष असलेल्या सर्जरीतल्या मुलीचा दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. ती तिसऱ्या दिवशी ऑपरेशनला उभी होती आणि मला ते सहा महिन्यांनी, कँटीनच्या रांगेत कळलं. २०२१ मध्ये इथल्या स्त्री सर्जन्सची एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या ४२ टक्के जणींनी कधी ना कधी गर्भ गमावला होता. आकडा मी आधीही वाचलेला होता, पण त्या दिवसानंतर तो वेगळा वाचला.

साखरेची गोष्ट तर हसण्यासारखी. आपल्या वंशाच्या बायकांना गरोदरपणातला मधुमेह जास्त, हे माहीत असूनही ५० ग्रॅम ग्लुकोजच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाल्यावर मला अपमान वाटला. दुसरी चाचणी तीन तासांची, उपाशीपोटी, चारदा रक्त. एवढा सलग वेळ माझ्याकडे फक्त नाइट ड्युटी संपल्यावर होता. तेव्हा रात्रभर काही न खाता काम केलं आणि सकाळी १०० ग्रॅम ग्लुकोजचं ते नारिंगी पाणी पिऊन लॅबच्या खुर्चीत घोरत पडले. दर तासाला सुई टोचायला उठवत होते. पास झाले.

आता रजा. इथल्या १९९३ च्या कायद्यात १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी, आणि नोकरीत १२ महिने झालेले असतील तरच. पहिल्या वर्षाची इंटर्न त्यात बसतच नाही. जुलै २०२२ पासून मात्र प्रत्येक रेसिडेंटला निदान एकदा, पहिल्या दिवसापासून, पूर्ण पगारी सहा आठवडे द्यावे लागतात. भारतात कायद्यानं २६ आठवडे आहेत हे ऐकून माझ्या सहकारी मुली डोळे विस्फारतात. पुण्यात एमडी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं रजा घेतली तर तिची टर्म तेवढीच लांबली, हेही मी त्यांना सांगते.

आई हळीव, डिंक आणि खारका घेऊन आली. रोज पाय चेपायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायची. "आपल्यात सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. चाळीस दिवस." मी करारातला आकडा सांगितला, ४२. ती बोटांवर मोजून म्हणाली, "दोन दिवस जास्तच देतायत की गं."

त्रेचाळिसाव्या दिवशी मी वॉर्डात होते. दूध काढायची खोली आमच्या मजल्यावर आहे, फ्रिजही आहे, तक्रार नाही. पंप लावून बसले तर पेजर वाजायचा आणि दूध आटल्यासारखं थांबायचं. एका दुपारी दार वाजलं. पहिल्या वर्षाची इंटर्न होती, चेहरा पांढराफटक. तिला खोली वापरायची नव्हती. तिनं दार आतून लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "पोटाजवळचा तो बिल्ला कुणाकडे मागायचा?"