दुर्मिळ शेड की उडालेला रंग?

आज दुपारभर भिंग घेऊन एका जुन्या लेस्नी मॅचबॉक्सच्या (लेस्नी कंपनीच्या धातूच्या खेळण्यातल्या गाडीच्या) मागे लागले होते. विकणाऱ्याचं म्हणणं, "कारखान्यातूनच अशी गुलाबी आली, फार दुर्मिळ." (हे 'फार दुर्मिळ' ऐकलं की मी आधी गाडी उलटी करते.)

या गाड्यांची बॉडी आधी रंगवायचे, तळ नंतर रिव्हेटने बसवायचे. त्यामुळे रिव्हेट पोखरलेला असेल किंवा त्याच्या डोक्यावर बॉडीचाच रंग चढला असेल, तर कुणीतरी नंतर रंगाचा हात मारलाय असा संशय घ्यायचा. हिचे रिव्हेट मात्र स्वच्छ. म्हणजे रंग बहुधा कारखान्याचाच. मग टॉर्च मारून छताच्या आत पाहिलं. आत चांगला लालभडक! जिथे ऊन पोचलं नाही तिथे रंग टिकला, बाहेरचा विटला. संपली दुर्मिळ शेड.

१९६८ च्या हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांचा स्पेक्ट्राफ्लेम रंग पारखायला याहून अवघड. चकचकीत धातूवर पारदर्शक थर, तो जरा जाड-पातळ झाला तरी छटा बदलते. अशा छटेला वेगळं व्हेरिएशन (कारखान्यानेच काढलेला वेगळा प्रकार) म्हणणं मला तरी पटत नाही.

विकणाऱ्याला छताच्या आतला फोटो पाठवलाय. साध्या लाल गाडीच्या भावात देत असेल तर घेईन, कास्टिंग (धातूची ओतीव बॉडी) झकास आहे.