कुर्ल्याला अडकलेला अंगठा

त्या दिवशी मुलुंडहून मुंबईची स्लो लोकल पकडली होती. विद्याविहारपर्यंत सगळं ठीक. एक हात वरच्या कडीत, दुसऱ्यात फोन, आणि अंगठ्याने रील्स वर ढकलणं सुरू. कुर्ल्याला हार्बर लाइनवरून गाडी बदलणाऱ्या बायकांचा लोंढा आत शिरला आणि माझा फोनचा हात छातीशी असा चेपला गेला की अंगठा हलेना. नेमका त्या क्षणी पडद्यावर कुठल्याशा दूरच्या देशातला एक नालबंद घोड्याचा खूर तासत होता. मिनिटभराचं रील. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शीव गेलं, माटुंगा गेलं, दादरला उतरेपर्यंत तोच खूर मी सात-आठ वेळा तासून घेतला.

संध्याकाळी इन्स्टाग्राम उघडलं तर त्याने माझी नवी आवड हेरलेली होती. घोड्याचे खूर, गाईचे खूर, शेळीचे खूर. दोन दिवसांनी नाल कशी तापवतात तेही आलं. आता, फोनला कुर्ल्याची गर्दी कशी कळणार? बाई इतकी मिनिटं एका खुरावरून हलली नाही, एवढंच त्याच्या नोंदीत.

आमच्या लेडीज डब्यात क्लिपा, पिना, कानातली विकणाऱ्या बायका येतात, त्यांचा धंदाही याच नोंदीवर चालतो. तुम्ही मैत्रिणीशी बोलता बोलता कानातल्यांच्या पुठ्ठ्यावर नुसती नजर टेकवली, तरी तिला ते कळतं. पुढच्या क्षणी पुठ्ठा तुमच्या मांडीवर असतो. पण "नको गं" म्हटलं की ती पुठ्ठा उचलून पुढच्या सीटकडे वळते. फोनला "नको" सांगायला आधी तीन टिंबं शोधा, मग त्यातून 'नॉट इंटरेस्टेड' शोधा. एवढं करून गाईचे खूर गेले आणि उंटाचे आले.

शेवटी एका रविवारी भाजी निवडायला बसतात तशी मी फीड, म्हणजे अॅप उघडलं की समोर येणारी पोस्टची रांग, निवडायला बसले.

सुरुवात फेसबुकपासून, कारण तिथे नातेवाईक असतात. 2006 च्या सप्टेंबरात न्यूज फीड सुरू झालं, त्याआधी एकेकाच्या पानावर जाऊन काय चाललंय ते बघावं लागायचं. फराळाचा डबा घेऊन घरोघरी जावं तसं. फीड आलं आणि सगळ्यांचे डबे एकदम आपल्या ओट्यावर येऊन पडले. यातली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे 2017 च्या डिसेंबरात आलेलं स्नूझ. माणूस तीस दिवस गप्प. मैत्री तुटत नाही, त्याला कळतही नाही, आणि महिन्याने तो आपोआप परत येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ही सोय असती तर मी मेंटेनन्स थोडा जास्त दिला असता. एका चुलत सासऱ्यांना मी सलग तीन महिने स्नूझ केलंय. समोर भेटले की आम्ही अतिशय प्रेमाने बोलतो.

याच्या उलट फेव्हरिट्स. ज्यांचं सगळं वर दिसायला हवं अशी माणसं निवडायची. फेसबुकवर तीस, इन्स्टाग्रामवर पन्नास. ही यादी करायला घेतली आणि हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखी अवस्था झाली. धाकट्या जावेला घेतलं तर थोरलीला घ्यायला हवं. यादी कुणाला दिसत नाही हे माहीत असूनही मी दोघींना घेतलं. कॉलेजच्या एका मित्राचं नाव घातलं, काढलं, पुन्हा घातलं. बावीस नावांवर थांबले. इतकीच माणसं निघाली याचं जरा वाईट वाटलं, पण चहा थंड होत होता.

मग रागाचं प्रकरण. मी वर्षानुवर्षं खड्ड्यांच्या, तुंबलेल्या नाल्यांच्या, टीव्हीवरच्या भांडणांच्या पोस्टवर लाल चेहरा टाकत आले. निषेध म्हणून. नंतर वाचलं की 2017 पासून काही काळ कुठली पोस्ट वर आणायची या फेसबुकच्या गणितात लाल चेहऱ्यासारख्या प्रतिक्रियेचं वजन साध्या लाइकच्या पाचपट होतं. म्हणजे मला वाटत होतं मी भांडण हाकलतेय, आणि मी पाच-पाच मतं देऊन त्याला घरात घेत होते!

एक्सवर, म्हणजे 2023 च्या जुलैपर्यंतच्या ट्विटरवर, मी मुख्यतः पावसाळ्यात जाते. हिंदमाताला पाणी भरलंय का, मध्य रेल्वे किती उशिरा आहे, हे मला आत्ता हवं असतं. तिथे 'फॉर यू' आणि 'फॉलोइंग' असे दोन कप्पे आहेत: पहिल्यात यंत्राने निवडलेलं, दुसऱ्यात आपण निवडलेल्या माणसांचं. पहिल्या कप्प्यात एकदा मला गुडघाभर पाण्याचा व्हिडिओ दिसला, म्हणून ऑफिसातून लवकर निघाले. बाहेर लख्ख ऊन. पाणी कालचं होतं, लोकप्रिय होतं म्हणून आज वर आलं होतं. तेव्हापासून जूनमध्ये छत्री बाहेर निघाली की दुसरा कप्पा उघडायचा आणि त्यात ताजं आधी असा क्रम लावायचा, असा नियम केलाय. इन्स्टाग्रामनेही 2016 मध्ये काढून टाकलेला वेळेचा क्रम 2022 मध्ये परत दिला, पण तो प्रत्येक वेळी आपण मागायचा. न मागता मिळतात ते खूर.

यूट्यूबबद्दल माझं काही मतच होऊ शकत नाही. आमच्या टीव्हीवर एकाच खात्यातून सासरे कीर्तनं ऐकतात आणि मुलगा बंदुकांचे गेम बघतो. त्या बिचाऱ्या यंत्राची समजूत अशी झाली असणार की मी रक्तपात करून संध्याकाळी हरिनाम घेते.

राहिलं व्हॉट्सअॅप. तिथे कुणी हुशारी करत नाही, जो शेवटी बोलला तो वर. म्हणून मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं, आणि म्हणूनच सकाळी सहाला फुलांच्या फोटोंखाली टँकरचा निरोप बुडतो. एकोणीस ग्रुप आर्काइव्हमध्ये टाकले. टँकरवाला ठेवला.

सोमवारी फीड अगदी देव्हाऱ्यासारखं स्वच्छ होतं. दोन्ही जावा, तीन पुस्तकवाले, एक बागकाम. मुलुंडला उघडलं आणि भांडुप यायच्या आत संपलं. खाली पाटी आली की आता नवीन काही नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं. कांजूरमार्गलाही नवीन काही नव्हतं. विक्रोळी गेल्यावर मी, कुणी बघत नाहीये असं समजून, शोधाच्या चौकटीत 'घोडा खूर' असं लिहिलं.

तोच नालबंद. तोच लांब दांड्याचा कानस. पुढचा डावा पाय झाला, नाल बसली, घाटकोपर गेलं. कुर्ला जवळ आलं तशी गर्दीच्या आधी फोन पर्समध्ये टाकावा म्हणून मी स्क्रीन बंद करायला गेले, तर माझ्या खांद्यावरून मघापासून बघत असलेल्या काकू कळवळून म्हणाल्या, "थांब गं, उजवा राहिलाय."