तुम्ही विचारलंत म्हणून: नाझींनी जर्मन सिनेमा ताब्यात घेतला तरी कसा?

"हिटलरच्या काळात जर्मनीत सगळे प्रचारपटच निघायचे का? आणि एवढी मोठी इंडस्ट्री इतकी मुकाट कशी वाकली?" हे प्रश्न नेहमी जोडीने येतात. पहिल्याचं उत्तर, नाही. 1933 ते 1945 या काळात सुमारे 1100 कथापट निघाले. उघड राजकीय प्रचार साधारण सातातल्या एकात. उरलेले विनोदी, संगीतप्रधान, नाहीतर रडवणारे. दुसऱ्याचं उत्तर मात्र हिशेबाच्या वह्यांत सापडतं.

28 मार्च 1933 रोजी बर्लिनच्या कायझरहोफ हॉटेलात नवा प्रचारमंत्री गोबेल्स चित्रपटवाल्यांपुढे बोलला. नमुना म्हणून त्याने चक्क 'बॅटलशिप पोटेमकिन' या सोव्हिएत चित्रपटाची तारीफ केली. दुसऱ्याच दिवशी 'उफा' या सर्वांत बड्या कंपनीच्या संचालकांनी बैठक घेतली आणि ज्यू कर्मचाऱ्यांचे करार शक्य तिथे मोडायचे, असा ठराव केला. एकेक नाव घेऊन चर्चा झाली. 'मेट्रोपोलिस'चा निर्माता एरिक पॉमर याची नोकरी याच बैठकीत गेली. ज्यूंना या धंद्यातून बाहेर काढणारा सरकारी आदेश यायला तेव्हा जवळपास तीन महिने बाकी होते! अर्थात उफाचा मालक हुगेनबेर्ग हिटलरच्या मंत्रिमंडळातच बसला होता, त्यामुळे 'बिचारे घाबरले' म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

'मेट्रोपोलिस'चा दिग्दर्शक फ्रिट्झ लांगला गोबेल्सने मोठं पद देऊ केलं आणि तो त्याच रात्री गाडीत बसून पळाला, ही गोष्ट ऐकायला छान आहे. त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के वेगळं सांगतात: 1933च्या उन्हाळ्यापर्यंत तो जा-ये करत होता.

आता समजा, 1934च्या वसंतात तुम्हाला बर्लिनमध्ये चित्रपट काढायचाय. आधी 'राइशफिल्मकामर'चं, म्हणजे चित्रपट मंडळाचं सभासदत्व हवं. दिग्दर्शक असो की तंत्रज्ञ, सभासद नाही तर काम नाही. अर्जदार 'विश्वासार्ह' वाटत नाही, एवढं कारण नकाराला पुरे. मग कथासार आणि पटकथा सरकारी वाचकाकडे. फेब्रुवारी 1934च्या कायद्याने हे पद तयार झालं. वर्षअखेरीस ही सक्ती कागदोपत्री सैल झाली. पण पैसा? जून 1933मध्ये स्थापन झालेली फिल्मक्रेडिटबँक कर्ज देई, तेही तुम्ही 30 टक्के रक्कम स्वतः उभी केलीत आणि विषय तिला पटला तरच. कर्ज फिटेपर्यंत चित्रपट बँकेचा. चित्रीकरण उरकलं की सेन्सॉर, आणि तिथेच दर्जाचा शेरा. चांगला शेरा मिळाला तर करमणूक करात सवलत, सर्वांत वरचा मिळाला तर कर पूर्ण माफ. आपल्याकडच्या 'टॅक्स फ्री'सारखंच. अशा व्यवस्थेत निर्मात्याला वेगळं धमकावायची गरज फारशी पडत नाही, कात्री तो आपणच चालवतो.

बिघडलं ते अर्थकारण. गुणी माणसं परदेशी गेली, बाहेरच्या बाजारात जर्मन चित्रपटांवर बहिष्कार पडला, निर्यातीची कमाई आटली. मागे राहिलेल्या स्टार मंडळींचे भाव मात्र चढले. कंपन्या तोट्यात आल्या तेव्हा माक्स विंकलर या मध्यस्थाने आपल्या 'काउटिओ' कंपनीमार्फत 1937मध्ये उफाचे बहुसंख्य शेअर सरकारसाठी गुपचूप उचलले. राष्ट्रीयीकरणाची घोषणा नाही, मिरवणूक नाही. 1942मध्ये सगळं एका छत्राखाली आलं.

गंमत म्हणजे पक्षाचे शूर गणवेशधारी पडद्यावर आणणं खुद्द गोबेल्सलाच रुचत नव्हतं. ऑक्टोबर 1933मध्ये त्याने हॉर्स्ट वेसेल या पक्ष-हुतात्म्यावरचा चित्रपट अडवला. तो डिसेंबरात नायकाचं नाव बदलून 'हान्स वेस्टमार' म्हणून आला. नोव्हेंबर 1936मध्ये समीक्षेवरच बंदी आली. पुढे फक्त 'वृत्तांत' लिहायचा.

मुंबईचा धागाही आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या' करणारा जर्मन दिग्दर्शक फ्रांझ ओस्टेन त्याच 1936 साली नाझी पक्षाचा सभासद झाला. युद्ध पेटताच 1939मध्ये ब्रिटिशांनी त्याला अटक केली.

बघायला काय घ्यावं? सुमारे 40 प्रचारपट जर्मनीत आजही प्रास्ताविक आणि चर्चेसह दाखवायच्या अटीवरच मिळतात. त्यांच्या मागे लागण्याआधी राइनहोल्ड श्युन्त्सेलचा 'व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया' (1933) बघा. हलकाफुलका, गाण्यांनी भरलेला. आई ज्यू असल्यामुळे श्युन्त्सेलला काम करायला खास परवानगी लागे. त्याचे चित्रपट धंदा करत होते, म्हणून ती 1937पर्यंत मिळत राहिली. त्या वर्षी त्याने देश सोडला.