शुगरला देवी नाही

बेळगावात खानापूर रस्त्याला आमचं औषधाचं दुकान आहे. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा झाली की चिठ्ठ्या साधारण सारख्याच येतात: शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची ॲम्लोडिपिन नि टेल्मिसार्टन. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा पहिल्या पावसाबरोबर जुलाबाच्या गोळ्या नि ओआरएसच्या पुड्या संपायच्या. आता त्याच पुड्या तारीख उलटून परत जातात.

आज्जीच्या तोंडी मरणाची कारणं वेगळी होती. पटकी म्हणजे कॉलरा, गाठीचा ताप म्हणजे प्लेग, देवी. प्लेगात लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. १९११ ते १९२१ या दशकात देशात हजारी पंचेचाळीसच्या वर माणसं दरसाल मरत होती. त्यातच १९१८ चा इन्फ्लुएंझा. २०१९ मध्ये हा आकडा सहावर आला. याचं श्रेय मी आधी लशीला नि स्वच्छ पाण्याला देईन, मोठमोठ्या हॉस्पिटलांना नंतर. (देवीची लस आमच्याच बेळगावात, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये बनायची, हे इथल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.) १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही.

हजारी सहा म्हणजे सगळे ठणठणीत, असं मात्र नाही. देशात तरुण जास्त, म्हणूनही आकडा खाली दिसतो. केरळात आयुर्मान जास्त, तरी तिथला मृत्युदर देशापेक्षा थोडा वरच, कारण म्हातारी माणसं जास्त. मरणाची कारणंही बदलली. १९९० मध्ये देशातल्या शंभर मृत्यूंपैकी अडतीसच्या आसपास हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर, दमा असल्या असंसर्गजन्य आजारांचे होते, २०१६ मध्ये बासष्टच्या आसपास.

पटकीला लोक घाबरायचे. वेशीवरच्या मरगाई देवीला नैवेद्य जायचा. शुगरला देवी नाही, त्यामुळे धाकही नाही. ओळखीचे एक काका बीपीची गोळी मधेच बंद करतात. विचारलं तर म्हणतात, "आता बरं वाटालंय की ओ, कशाला उगाच गोळी?" बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे किती वेळा सांगायचं! आणि असा माणूस घरातच वारला की गावभर एकच, 'अटॅक आला'. अर्धांग असो, किडनी असो, सगळं अटॅकच. डॉक्टरनं तपासलेलंच नसतं, मग मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण येणार कुठून?

मी आता पाकिटावर गोळ्या संपायची तारीख स्केचपेननं लिहून देतो, मराठीत आणि कन्नडमध्येही. काका त्या तारखेनंतर आठवड्यानं येतात, पण येतात.